कळ दाबण्यापूर्वी

सोनी कंपनीने 2023 सालच्या नोव्हेंबरात जाहीर केलेल्या एका कॅमेऱ्यात अशी सोय आहे की, कळ अर्धवट दाबून धरली असताना समोर जे घडत असते ते यंत्र आपल्या तात्पुरत्या स्मृतीत साठवीत राहते आणि कळ पुरती दाबली गेली की आधीच्या एका सेकंदातली दृश्येही दप्तरी दाखल करते. त्या यंत्राचा कमाल वेग सेकंदाला 120 चित्रे इतका असल्यामुळे, छायाचित्रकाराच्या मनात ‘आता’ असा निश्चय होण्यापूर्वीचीच शेकडाभर चित्रे त्याच्या पदरात पडलेली असू शकतात. यंत्रविद्येच्या दृष्टीने ही सिद्धी थोर आहे, आणि पाण्यावर सूर मारणाऱ्या खंड्याचे चित्र ज्याला हवे आहे त्याने तिचा लाभ अवश्य घ्यावा. परंतु गेली पंचवीसतीस वर्षे छायाचित्रणात मुकाट्याने चालू असलेले एक स्थित्यंतर या सोयीमुळे लख्ख डोळ्यांपुढे येते. ते स्थित्यंतर निर्णयाच्या जागेचे आहे. पूर्वी जो निर्णय कळ दाबण्याच्या अलीकडे होत असे, तो आता तिच्या पलीकडे, घरी परतल्यावर, संगणकाच्या पडद्यापुढे, निवांतपणे होऊ लागला आहे. माझे म्हणणे असे की, या स्थलांतराने केवळ निर्णयाची वेळ बदलत नाही, त्याचे स्वरूपही बदलते. आणि म्हणून डिजिटल कॅमेरा वापरणाऱ्याने, यंत्राने दिलेली सर्व मुभा हाताशी असतानाही, तो निर्णय जाणूनबुजून मूळच्या जागी आणून ठेवला पाहिजे.

एवढे म्हटले की ऐकणाऱ्याची बहुधा अशी समजूत होते की, फिल्मच्या काळाचे गोडवे गाण्याचा हा आणखी एक प्रकार आहे. तसा माझा हेतू नाही. जुन्या छायाचित्रकारांना प्रत्येक चित्रामागे विचार करावा लागे याचे श्रेय पुष्कळ अंशी त्यांच्या साहित्याला आहे. मुंबईत 1854 साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि डॉ. भाऊ दाजी लाड व त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासारखे एतद्देशीय विद्वान या नव्या विद्येत रस घेऊ लागले, त्या सुमारास प्रचारात येत होती ती फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने 1851 साली प्रसिद्ध केलेली ओल्या काचेची रीत. काचेवर कोलोडियनचा पातळ थर पसरायचा, ती सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात बसवायची, प्रकाश द्यायचा आणि थर वाळण्याच्या आत काळोख्या तंबूत नेऊन धुवायची; हे सारे दहापंधरा मिनिटांत उरकले नाही तर काच वाया जायची, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात कोलोडियनमधला ईथर इतक्या झपाट्याने उडून जाई की तेवढीही सवड मिळत नसे. ज्याला एका चित्रासाठी तंबू, बाटल्या आणि हमाल बरोबर न्यावे लागत, त्याने उभे राहण्याची जागा शोधण्यात सकाळ घालवली तर नवल ते काय? पुढे ही टंचाई पायरीपायरीने ओसरत गेली. 1888 साली जॉर्ज ईस्टमनचा 100 चित्रांचा कोडॅक आला. त्याला दृश्य पाहण्याची खिडकीसुद्धा नव्हती, आणि चित्रे संपली की तो अख्खा कॅमेराच रॉचेस्टरच्या कारखान्यात पाठवायचा असे. 1925 साली बाजारात आलेल्या लायकाने 36 चित्रे मुठीत आणून दिली. आपल्या मध्यमवर्गीय घरांतल्या आग्फा क्लिक थ्रीच्या रोलवर बारा चौकोनी चित्रे निघत. सत्यनारायणाच्या पूजेला चार खर्ची पडली, तर उरलेली आठ गणपतीपर्यंत पुरवायची, असा घरोघरचा हिशेब असे.

टंचाई असली म्हणजे विचार आपोआप येतो, हे मात्र खरे नाही. अमेरिकन छायाचित्रकार गॅरी विनोग्रँड 1984 साली वारला, तेव्हा त्याच्या मागे सुमारे 2,500 रोल न धुतलेले आणि 6,500 रोल धुतलेले, पण ज्यांच्या नमुनाप्रतीही काढल्या नव्हत्या असे, सापडले. म्हणजे तीन लाखांच्या आसपास चित्रे त्याने स्वतः कधी पाहिलीच नव्हती. फिल्मचा प्रत्येक तुकडा विकत घ्यावा लागत असतानाची ही गोष्ट आहे. तरुणपणी त्याने न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर केलेले काम मला अतिशय आवडते, आणि रोल मुद्दाम वर्षभर बाजूला ठेवून मग धुण्याची त्याची पद्धत, टिपतेवेळच्या भावनेने निवडीचा निवाडा बाधित होऊ नये म्हणून होती, हेही मला पटते. तथापि अखेरच्या वर्षांत टिपणे आणि पाहणे यांचा सांधा त्याच्या हातून पार निखळला. ज्या रोगाला आपण डिजिटल म्हणतो तो फिल्मवरही जडू शकत होता, एवढे या उदाहरणावरून सिद्ध होते. आणि मग हेही ओघाने येते की, त्यावरचा उपाय फिल्मकडे परत जाण्यात नाही.

येथे एक लहानशी हकिकत सांगण्यासारखी आहे. कोडॅक कंपनीतील तरुण अभियंता स्टीव्हन सॅसन याने 1975 सालच्या डिसेंबरात पहिला डिजिटल कॅमेरा चालवून दाखवला. त्याचे चित्र उभे आडवे शंभर शंभर ठिपक्यांचे होते आणि ते साध्या ध्वनिफितीच्या कॅसेटवर उतरायला 23 सेकंद लागत. एका कॅसेटवर 30 चित्रांची तजवीज त्याने केली, आणि हा आकडा त्याने निवडला तो लोकांना 24 आणि 36 चित्रांच्या रोलची सवय होती म्हणून, त्या दोहोंच्या मधला. डिजिटल चित्रणाच्या जन्मवेळची मर्यादा अशी एका माणसाने, माणसांच्या सवयीचा विचार करून, ठरवलेली होती. पुढे कार्डांची क्षमता वाढत गेली आणि मर्यादा कोणी ठरवायची हा प्रश्नच कोणी विचारेनासे झाले. तो आता प्रत्येकाने स्वतःपुरता विचारायचा आहे.

विचारपूर्वक टिपणे म्हणजे नेमके काय, हे समजून घ्यायला अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सच्या एका चित्राइतके चांगले साधन मला दुसरे ठाऊक नाही. 1941 सालच्या शरदात, दिवस मावळता मावळता, तो न्यू मेक्सिकोतील हर्नांडेझ या खेड्यावरून मोटारीने चालला होता. डाव्या हाताला चर्चलगतच्या दफनभूमीतले पांढरे क्रूस मावळत्या उन्हाने उजळलेले, मागे बर्फाच्छादित डोंगर आणि वर नुकताच उगवलेला चंद्र असे दृश्य त्याला दिसले. आठ बाय दहा इंचांच्या फिल्मचा अवजड कॅमेरा मोटारीच्या छतावरील फळीवर उभा करेपर्यंत ऊन क्रुसांवरून सरकू लागले होते, आणि प्रकाश मोजण्याचे यंत्र सामानात कोठे सापडेना. तेव्हा त्याने चंद्राचा आधार घेतला. पौर्णिमेच्या आसपास चंद्रबिंबाची दीप्ती दर चौरस फुटास 250 कँडल इतकी असते हे त्याला मुखोद्गत होते. तयार चित्रात चंद्र किती उजळ दिसावा हे मनाशी ठरवून, फिल्मचा वेग आणि भिंगावरच्या पिवळ्या गाळणीने अडणारा प्रकाश यांचा हिशेब करून, त्याने अ‍ॅपर्चर बत्तीसवर नेले आणि एक सेकंद प्रकाश दिला. सावधगिरी म्हणून दुसरी प्रत घ्यावी या विचाराने त्याने फिल्मची पेटी उलटी केली, तोच क्रुसांवरचे ऊन गेले. निगेटिव्ह एकच राहिली.

ही कथा सांगताना लोक बहुधा त्या एकाच निगेटिव्हपाशी थांबतात, जणू सारी महती एकाच्या आकड्यात आहे. मला तीत दुसरेच काही महत्त्वाचे वाटते. अ‍ॅडम्स दुसरे चित्र घेणारच होता. त्याला एका चित्राचे व्रत नव्हते. शिवाय त्या निगेटिव्हवर त्याने पुढे अंधारखोलीत कित्येक वर्षे मेहनत केली, आकाश अधिकाधिक गडद केले, निगेटिव्हचा खालचा भाग रसायनांनी अधिक दाट केला, आणि तिच्या हजारावर प्रती स्वतः काढल्या. नंतरचा निर्णय त्यानेही घेतलाच. पण तो आधीच्या निर्णयाचा वारस होता. कळ दाबतेवेळी जे त्याने मनात पाहिले होते, तेच कागदावर आणण्यासाठी पुढची खटपट होती. ज्याने आधी काही पाहिलेलेच नाही, त्याची नंतरची निवड निराधार असते. दोनशे जवळजवळ सारख्या चित्रांतून तो जे उचलतो, ते बहुधा त्यातल्या त्यात कमी वाईट असते, डोळे मिटलेले नसतात, केस उडालेले नसतात, हात हललेला नसतो. दोष वगळत जाऊन अशी निवड होते, आणि केवळ दोष वगळून चित्र सिद्ध होत नाही.

यावर आजचा जाणकार म्हणेल की, नंतर दुरुस्तीची साधने आता इतकी समर्थ आहेत की आधीच्या विचाराची गरजच कमी झाली आहे. या म्हणण्यात तथ्य आहे, आणि ते नीट तपासले पाहिजे. रॉ स्वरूपातल्या चित्रात रंगांचा समतोल नंतर हवा तसा बदलता येतो, सावल्यांतला तपशील बऱ्याच प्रमाणात वर आणता येतो, क्षितिज सरळ करता येते, कडा छाटता येतात. उलट, प्रमाणाबाहेर प्रकाश पडून जो भाग कोरा पांढरा झाला तेथे काहीच नोंदलेले नसते; फोकस ज्या पापणीवर हवा तिच्याऐवजी कानावर बसला तर तो हलवता येत नाही; शटरचा वेग कमी पडून चालणाऱ्याचा पाय फुटला तर तो सांधत नाही. सर्वांहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे, चित्रातील वस्तूंचे परस्परांशी असलेले नाते, कोण पुढे, कोण मागे, कोणाच्या डोक्यावर विजेचा खांब उगवलेला दिसतो आणि कोणाच्या मागे मोकळे आकाश येते, हे सर्वस्वी कॅमेरा कोठे होता यावर ठरते. भिंग बदलून दृश्याचा आवाका कमीजास्त होतो, पण हे नाते बदलत नाही. ते बदलायचे तर पाय उचलावे लागतात. रंग आणि छटा यांचा निर्णय यंत्राने तहकूब करू दिला आहे, जागेचा आणि क्षणाचा नाही. नंतर दुरुस्त करू या भरवशावर राहिलेला मनुष्य, जे दुरुस्त होत नाही त्याकडेच नेमके दुर्लक्ष करतो, असा माझा अनुभव आहे. छायाचित्रांच्या प्रदर्शनांत रंग उत्तम आणि उभे राहण्याची जागा चुकलेली, अशी चित्रे भिंतीमागून भिंत पाहायला मिळतात.

आषाढीच्या वारीत हे मी फार जवळून पाहिले आहे. माउलींच्या पालखीचे पहिले गोल रिंगण पुरंदवड्याला होते. दिंड्यांची कडी रचली जातात, पताकावाले रिंगणातून धावून जातात, डोक्यावर तुळस घेतलेल्या बायका धावतात, मग स्वाराचा अश्व सुटतो आणि त्यामागोमाग माउलींचा, ज्याच्यावर दिसणारा स्वार कोणी नसतो. छायाचित्रकारांचा एक मोठा जमाव एकाच कोपऱ्यात गुडघे टेकून दाटीवाटीने बसलेला असतो, आणि अश्व वळणावर आला की शंभरएक कॅमेऱ्यांचा एकच तडतडाट होतो. सेकंदाला वीस चित्रे घेणारे यंत्र तेथे गैर आहे, असे मी मुळीच म्हणणार नाही. धावत्या घोड्याचे चारही खूर जमिनीवेगळे होण्याचा क्षण साध्या डोळ्याला पकडता येत नाही. पळणारा, उडणारा, झेप घेणारा विषय असला की वेगाचा आश्रय घेणे हेच शहाणपणाचे. पण त्या जमावातली चित्रे दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत पाहावीत, तर ती एकमेकांच्या प्रती वाटतात, कारण त्या सर्वांनी एकच निर्णय घेतलेला असतो, आणि तो म्हणजे जेथे सगळे बसले तेथे बसण्याचा. त्याच रिंगणात एक वयस्क छायाचित्रकार अश्वाकडे पाठ करून, पहिल्या रांगेतल्या वारकऱ्यांपासून दोन हातांवर उभा असलेला मी पाहिला. तो अश्वासाठी थांबलेला नव्हता. अश्व निघून गेल्यावर टापांखालची माती उचलायला लोक वाकतात, त्यांच्या हातांची त्याला वाट पाहायची होती. सकाळपासून तो ऊन कोणत्या बाजूने येईल हे पाहत फिरत होता. हात मातीत टेकले, तेव्हा त्याने तीनचार वेळा कळ दाबली, मधे अर्धे पाऊल सरकून. प्रत्येक वेळी त्याने चौकटीत काहीतरी बदलले. तेथे आकड्याला महत्त्व नव्हते. त्याने चाळीस चित्रे घेतली असती आणि चाळीसही वेळा असाच अर्धे पाऊल सरकला असता, तरी माझी तक्रार नसती.

टिपण्याचा पाहण्यावर काय परिणाम होतो, याचा शास्त्रीय विचारही झालेला आहे. लिंडा हेंकेल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी एका संग्रहालयात विद्यार्थ्यांना काही वस्तू नुसत्या पाहायला आणि काहींची छायाचित्रे घ्यायला सांगितले, आणि दुसऱ्या दिवशी त्यांची स्मृती तपासली. हे संशोधन 2014 साली प्रसिद्ध झाले. ज्या वस्तूंची सरसकट छायाचित्रे घेतली होती त्या, नुसत्या पाहिलेल्या वस्तूंपेक्षा, कमी स्मरणात राहिल्या. जणू काम यंत्रावर सोपवले की मन आपली जबाबदारी संपली असे मानते. हा निष्कर्ष वर्तमानपत्रांतून गाजला आणि कॅमेरा हाच पाहण्याचा शत्रू असल्याचा बोभाटा झाला. पण त्याच अभ्यासाचा दुसरा भाग मला अधिक मोलाचा वाटतो. ज्यांना वस्तूच्या एखाद्या विशिष्ट भागावर, मूर्तीच्या पायावर म्हणा, कॅमेरा झूम करून चित्र घ्यायला सांगितले, त्यांच्या स्मृतीत ही घट दिसली नाही. आणि केवळ तो भाग नव्हे, चौकटीबाहेर राहिलेला भागही त्यांच्या लक्षात राहिला होता. म्हणजे दोष कॅमेऱ्याकडे जात नाही. काय घ्यायचे हे ठरवून घेतलेले चित्र पाहण्याला पोषक ठरते आणि न ठरवता घेतलेले मारक. माझ्या मूळ प्रतिपादनाला याहून नेमका आधार मी मागणार नाही.

आता या प्रश्नाची दुसरी बाजू, जिच्याबद्दल छायाचित्रकार आपसात फारसे बोलत नाहीत. आपण चित्र माणसाचे घेतो तेव्हा कळ दाबण्यापूर्वीचा विचार हा सौंदर्याइतकाच सौजन्याचा विषय होतो. बाजारात भाजी विकणाऱ्या बाईपुढे कॅमेरा धरून तीस चित्रांची सरबत्ती करणारा तरुण तिला काही विचारत नाही, कारण त्याचा स्वतःचाच निश्चय झालेला नसतो. काय हवे ते त्याला घरी गेल्यावर कळायचे असते. ज्याला एकच चित्र हवे आहे आणि ते का हवे हे ठाऊक आहे, तो ‘मावशी, एक फोटो काढू का?’ असे विचारू शकतो, आणि नाही म्हटले तर कॅमेरा खाली घेऊ शकतो. सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचे जे चित्रण केले ते या दृष्टीने अभ्यासावे. गटाराच्या तोंडातून वर येणारा माणूस, त्याची खोली, त्याचे कुटुंब, हे सारे अनेक वर्षांच्या सहवासातून आलेले आहे. त्यांना 2016 साली पद्मश्री मिळाली, पण त्याहून मोठा पुरावा त्या चित्रांतल्या नजरांत आहे. ती माणसे कॅमेऱ्याकडे अनोळखी माणसाकडे पाहावे तशी पाहत नाहीत. अशा चित्रात कळ दाबण्यापूर्वीचा काळ वर्षांचा असतो, आणि तो कोणत्याही यंत्राला वाचवता येण्याजोगा नाही.

मग करावे काय? नियमांची यादी देण्यात मला स्वारस्य नाही, कारण प्रत्येकाचा विषय निराळा. कासच्या पठारावर भाद्रपदात जाणाऱ्याने सीतेच्या आसवांसाठी ओल्या जांभ्यावर छाती टेकण्यापूर्वी आपल्या कोपराखाली काय चिरडणार आहे हे पाहिले, तर त्याच्या चित्रांची संख्या आपोआप घटते आणि फुलेही वाचतात. लग्न टिपणाऱ्याला असली चैन परवडत नाही, त्याला मंगलाष्टकांच्या शेवटच्या अक्षतांपाशी हात मोकळा सोडावाच लागतो. एक गोष्ट मात्र मी सर्वांनाच आग्रहाने सुचवीन. टिपलेले चित्र लगोलग मागच्या पडद्यावर पाहण्याची सोय काही दिवस बंद ठेवावी. प्रकाशाचा अंदाज बरोबर आहे की नाही हे पाहण्यासाठी ती सोय उत्तम आहे आणि शिकाऊ माणसाला तिच्याइतका दुसरा गुरू नाही. पण एकदा अंदाज बसला की तीच सोय डोळे समोरच्या माणसावरून काढून आपल्याच हातातल्या पडद्यावर खिळवते, आणि जे घडत आहे ते त्या अवधीत घडून जाते. वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांनी स्पीड ग्राफिक कॅमेऱ्यावर काम केले, तेव्हा दर चित्रानंतर फिल्मची पेटी उलटावी किंवा बदलावी लागे, आणि फ्लॅश वापरला तर त्याचा दिवाही बदलावा लागे. आपल्याला ती सक्ती नाही, मग निदान तेवढा वेळ तरी आपण समोर पाहण्यात घालवावा.

राहता राहिला फोन, ज्यावर आज बहुतेक चित्रे निघतात. त्याच्या बाबतीत चित्रांची संख्या मोजणे तर सर्वथा निरर्थक झाले आहे, कारण पुष्कळ फोन आपण पडद्याला एकदा स्पर्श केला तरी अनेक चित्रे टिपतात, त्यातली काही स्पर्शाच्या आधीचीच असतात, आणि त्या सर्वांचे मीलन करून एक चित्र आपल्या हाती देतात. आपण एक टिपले असे म्हणतो तेव्हा यंत्राने दहा टिपलेली असतात. म्हणूनच, कमी चित्रे काढा एवढ्यावरच जो उपदेश थांबतो तो या यंत्रापुढे लंगडा पडतो. यंत्राने किती टिपावे आणि कसे जुळवावे ते त्याने खुशाल ठरवावे, त्याची मुखत्यारी तेवढ्यापुरती मान्य करायला माझी हरकत नाही. कोठे उभे राहायचे, कोणाला विचारायचे, ऊन फिरेपर्यंत थांबायचे की निघायचे आणि फोन खिशातून काढायचा की नाही, हे प्रश्न त्याच्या कक्षेत अजून आलेले नाहीत.